भासऱ्यांचा खरबरीत कोबा

उभ्या वऱ्हाडात माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याच्या गोठ्याची जमीन पाहणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझा भासरा निघाला. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. मामंजी अमरावतीतले नावाजलेले वकील, आमचे हे शाळामास्तर, आणि थोरल्यांनी वकिलीचा अभ्यास अर्ध्यात सोडून गोठ्यांत शिमिटाचा कोबा घालायचं वेड घेतलेलं. शिमिट तेव्हा आमच्याकडे नवीन. लोक ते ओसरीवर घालत, आरशासारखं घोटून घेत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. भासऱ्यांना मात्र गुळगुळीत हा शब्द शिवीसारखा लागे. कोणी गोड बोलून काम काढून घेणारा भेटला की म्हणत, याच्या अंगणात जनावर बांधू नये. लग्नाला गेले की मांडवात बसायचं सोडून यजमानाचा गोठा गाठत, वहाणा काढून शेणामुतात पाय घालत आणि घसरतं का ते पाहत. परतवाड्याच्या एका लग्नात असे खरोखरच आपटले आणि माखलेल्या धोतरानिशी पंगतीला येऊन बसले. यजमान ओशाळला, तर त्यालाच म्हणाले, "मी पडलो तर धोतर धुतलं का झालं. तुमची म्हैस पडली तर काय धुसान?"

आता आमच्या दोघांच्या बोलण्याची गोष्ट सांगते, म्हणजे हसाल. धाकट्या भावजयीने भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, त्यानेही तिच्याशी बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. पण माझ्या माहेराहून आलेली मैना नावाची गाय होती. सकाळी मी धार काढायला बसले की भासरे गव्हाणीपलीकडे उभे राहून मैनेशी बोलत. मैना, कालची भाजी खारट होती म्हणा तिले. मीही मैनेच्या कासेकडे पाहून सांगे, मैना, म्हणावं मीठ दोनदा पडलं. अशी अकरा वर्षं आम्ही बोललो. पाऊसपाणी, राजकारण, आजारपणं, सगळं त्या बिचाऱ्या गाईच्या कानांतून गेलं.

एका दिवाळीला मी ओसरीवर शंकरपाळे कातत होते. भासरे जाता जाता थांबले, पोळीवरच्या आडव्यातिडव्या रेघा पाहत राहिले आणि फराळ न करताच गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी मैनेला विचारलं, ओल्या शिमिटावर अशा रेघा पाडल्या तर खूर अडकन का नाई? मी मैनेला म्हटलं, कातण्याची रेघ बारीक, खुराला ती काय लागणार, विहिरीचा नाडा दाबून पाहा म्हणावं. झालं. तेव्हापासून ते ओल्या कोब्यावर तो जाडजूड दोर आडवातिडवा मांडत, वरून फळी दाबत आणि हळूच उचलून घेत. खाली शंकरपाळ्यांसारखी चौकटी नक्षी उठे. खुराला पकड मिळे, मूत चरांतून नालीला लागे. अकोल्याच्या बड्या व्यापाऱ्यांकडून बोलावणी येऊ लागली. कोणी वाखाणलं की ते सांगत, युक्ती आमच्या मैनेची आहे. अकोल्यात कित्येकांना वाटे, मैना म्हणजे कोणी मोठी शिकलेली बाई असावी.

लोकांचे गोठे झाले, घरचा राहिला होता. मैनेला नववा महिना लागला तेव्हा घरचं काम काढलं, आणि तिला मागच्या अंगणात बांधली. खडी ठोकून झाली, वरचा थर उद्यावर होता, आणि अकोल्याहून निरोप आला की तिथला कोबा तडकतो आहे, ताबडतोब या. भासरे मिस्त्रीला बजावून निघाले. निघताना मैनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मैना, तिले म्हणा, नाडा दाबून घ्यायचं तुझ्यावर सोपवलं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री नाडा मांडत होता आणि मामंजी कोर्टातून दोन स्नेह्यांना घेऊन आले. म्हणाले, माझ्या घरी हे चटईचे वळ कशाला? चांगला घोटून काढ. मिस्त्री म्हणाला, थोरल्या भाऊसायबानं सांगितलं हाय. मामंजींनी फक्त विचारलं, घर कोणाचं? मिस्त्रीने नाडा गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते, हात पिठाचे. दहा पावलांवर ते काम चाललं होतं. बोलले असते तर काय झालं असतं? चार दिवस घरात अबोला, माहेरी एक पत्र. एवढंच. पण मी बोलले नाही. रात्री ह्यांना सांगितलं, तर बाबांच्या मधे पडू नकोस म्हणाले. अकोल्याला कार्ड टाकायचं मनात आलं, पण भासऱ्याला भावजयीने पत्र लिहायचं कोणत्या रीतीने? मैनेलाही काही सांगितलं नाही. काय सांगणार होते तिला?

तिकडचं काम लांबलं. दहा दिवस पाणी मारून झाल्यावर मामंजींनी स्नेह्यांना दाखवायला मैनेला तिथे बांधायला लावलं. तिने मूत सोडलं, वळायला गेली आणि मागचे दोन्ही पाय दोहीकडे गेले. पोट जड, सावरणार कशी? खुबा निखळला. गुरांच्या डॉक्टरांनी मान हलवली. तीन दिवस ती तिथेच पडून होती. वासरू पोटातच गेलं.

भासरे आले ते मैना गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मिस्त्रीकडून ऐकलं आणि कधी येत नसत ते स्वयंपाकघराच्या दारात आले. माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "तुले मालूम होतं ना?"

मी हो म्हटलं. मामंजींसमोर मला बोलता येत नव्हतं, म्हटलं.

"मग आता माह्यासमोर कशी बोलून राहिली?"

त्यांनी टाकी-हातोडा घेतला आणि महिनाभर एकट्याने तो आरसा टोचून काढला. मामंजी पुढच्या खोलीत टाकीचा आवाज ऐकत बसत, पण थांब म्हणाले नाहीत. त्या गोठ्यात पुन्हा गाय आली नाही.

रीत एकदा मोडली ती मोडलीच. पुढे कितीतरी वर्षं आम्ही एका घरात होतो, आडपडदा नव्हता, कोणी नावही ठेवत नव्हतं. सकाळी ते दारात येऊन उभे राहत. काय करून राहिली, विचारत. भाकरी टाकते, मी म्हणे. मग दोघांचीही नजर रिकाम्या गोठ्याकडे जाई. "बरं," म्हणत, आणि निघून जात.