भुजंगची उंच जीप आणि तोकडा शाफ्ट

पिंगळीच्या भुजंगला उंच वस्तूंची भारी हौस. स्वतः तो उंचीनं बेताचा. बायको सरजाबाई त्याच्याहून चार बोटं जास्तच. त्यानं खाटेच्या खुरांखाली विटा लावल्या, टीव्ही एवढा वर टांगला की बातम्या बघून घरातल्या सगळ्यांच्या माना आखडल्या, आणि ओटा असा बांधला की पाहुणा चढून येईपर्यंत चहा निवायचा. तेव्हा एक ना एक दिवस त्याच्या जुन्या जीपची पाळी येणारच होती. निमित्त काळ्या रानाचं झालं. पावसात जीपचं पोट चिखलाला टेकलं आणि शेजारच्या बन्सीधरनं बैल जुंपून ती ओढून काढली. ओढली ते ओढली, वर गावभर सांगत फिरला.

भुजंगनं जीप थेट परभणीला रंगनाथच्या गॅरेजवर नेली.

"इतकी उंच कर, की खालून कुत्रं पळालं पाहिजे," तो म्हणाला.

रंगनाथ कुठल्याच कामाला नाही म्हणत नसे. त्यानं स्प्रिंगचे जुने पाटे काढून जाड, कमानदार पाटे घातले, मोठे टायर चढवले. जीप वरातीतल्या घोड्यासारखी ऐटीत उभी राहिली. अडचण एकच झाली. भुजंगचा पाय वर पोचेना. तो स्टूल लावून चढला आणि मग खाली राहिलेलं स्टूल उचलायला पुन्हा उतरला.

सरजाबाई दारात उभी राहून बघत होती. "अवो, जीप उंच करून आणली का सोताला बुटकं करून आले?"

खरी गडबड जीपच्या पोटाखाली होती. गिअरबॉक्समधली फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा असतो, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. तो दोन तुकड्यांचा. एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, म्हणजे चाक खालीवर झालं की दांडा आपोआप लांबतो, आखडतो. जीप उंच झाली तसं गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांचं अंतर वाढलं, पण शाफ्ट जुनाच राहिला. रंगनाथ म्हणाला होता, "चालतंय की." आणि चाललंही, पहिला बांध येईपर्यंत.

बांधावर एक मागचं चाक हवेत लोंबकळलं. शाफ्ट ताणला, ताणला, आणि त्याचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून फारकत घेऊन मोकळे झाले. खालून खणखणाट झाला. भुजंगनं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन वाघासारखं डरकाळलं, जीप मात्र जागची हलली नाही. बन्सीधर बाजूच्याच रानात होता. त्यानं अगदी गोड आवाजात विचारलं, "बैल आणू का, भुजंगराव?"

भुजंगला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण जीप एवढी उंच, की धरणीपर्यंत पोचायला आधी स्टूल लागलं असतं.

"आता शाफ्ट चांगला लांब कर," त्यानं रंगनाथला बजावलं. "हात आखडू नगंस."

रंगनाथनं जीप जॅकवर चढवली, चाकं लोंबती ठेवली आणि तशाच अवस्थेत ऐसपैस माप घेऊन शाफ्ट वाढवला. भुजंग खूश. सोयाबीनची पोती लादून तो मोंढ्यावर विकायला निघाला. शाळेपुढच्या गतिरोधकावर वजनानं जीप खाली दबली, शाफ्टला आत सरकायला जागाच उरली नाही, आणि खालून असा काही दणका बसला की गिअरचा दांडा हातातून उडाला आणि शाळेतली सगळी पोरं खिडकीला चिकटली.

सोयाबीन कसंबसं विकून भुजंग घरी आला आणि जेवायला तोंड पाडून बसला. सरजाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमी माप घेतलं ते चाकं लोंबायली तवा. आपण लोंबून जातो का कुठं? बसून जातो. चार माणसं बसवा की आत, अन् मग बघा किती दबतंय."

रंगनाथला हे फोनवर सांगितल्यावर तो म्हणाला, "मी उद्या येतो. लोंबती, रिकामी अन् भरलेली, तिन्ही मापं घेऊ. तुमी फकस्त जड माणसं गोळा करा."

पोती विकली होती, त्यामुळं माणसांवाचून इलाज नव्हता. पण जड माणसांना बोलवायचं कसं? गल्लीत सगळ्यांत वजनदार पार्वतीकाकू. वजनानंही आणि शब्दानंही. भुजंग त्यांच्या दारात जाऊन हात चोळत उभा राहिला.

"काकू, उद्या सकाळी जरा येता का? नुसतं बसायचं हाय."

"कामून? पूजा हाय का?"

"पूजा न्हाई. जीपमधी बसायचंय."

"मीच कामून?"

भुजंगला घाम फुटला. "तुमी बसल्या की... जीपला आधार वाटतो."

काकूंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. पण दुसऱ्या दिवशी त्या जरीची साडी नेसून आल्या, बरोबर दोन तशाच भरभक्कम जावा घेऊन. स्टूल, खुर्ची आणि सरजाबाईचा खांदा अशा तिन्ही पायऱ्यांवरून त्या वर चढल्या. वाळक्या काडीसारख्या बन्सीधरला कुणी बोलावलंच नव्हतं. तो मांडीवर जात्याची तळी घेऊन आपणहून येऊन बसला. "आता तर चालंल का न्हाई मी?"

रंगनाथ टेप घेऊन खाली सरपटला. "कुणी हलू नका!"

तेवढ्यात काकूंना शिंक आली. जीप दबली, उठली, परत दबली.

"काकू, माप हललं!"

"मग देवाला सांग, मला कामून सांगायलास?"

शेवटी माप जमलं. जीप भरून दबली तरी शाफ्टला आत सरकायला दोन बोटं जागा, आणि चाक लोंबलं तरी शाफ्टचा एक तुकडा दुसऱ्यात चार बोटं अडकलेला. रंगनाथ धुळीनं माखून बाहेर आला. "झालं. उतरा."

कुणीच उतरेना. काकू पदर सावरून म्हणाल्या, "चढायला एवढी मेहनत घेतली ती काय अंगणात बसायला? कुठं नेणार ते आधी सांग."

भुजंगनं येलदरीचं धरण कबूल केलं तेव्हा कुठं जीप रिकामी झाली.

नवा शाफ्ट बसल्यावर त्याच आठवड्यात सगळे निघाले. जिंतूर रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर भुजंग श्वास रोखून धरायचा आणि मागून काकू ओरडायच्या, "वाजलं का रे?" काहीच वाजलं नाही. धरणावर सगळे उतरले. काकूंनी मात्र हात जोडले. "उतरले तर परत चढणार न्हाई." त्यांनी जागेवरूनच पाणी बघितलं. सरजाबाईनं तळलेल्या माशाचं ताट वर दिलं, बन्सीधरनं हात धुवायला तांब्या धरला, आणि काकूंनी माशाचे काटे काढत काढत सगळ्या जीपचं कौतुक केलं.