विमानाला कासरा नसतो

औरादच्या रत्नपाल अण्णांनी बत्तीस वर्षं विमानांची घड्याळं दुरुस्त केली, पण विमानात एकदाही बसले नाहीत. घड्याळं हा त्यांचाच शब्द. वेग, उंची, तोल दाखवणारी तबकडी उघडायची, पुसायची, काटा नीट बसवायचा आणि दुसऱ्याच्या हवाली करायची. बीदरच्या हवाई दलाच्या तळावर असं आयुष्य काढून ते गावी परतले आणि पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःचं विमान मांडलं.

विमान म्हणजे काय, तर ट्रॅक्टरचं जुनं सीट, पाइपाचा दांडा, समोर फळीवर जोडलेली भंगारातली तीन घड्याळं आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. पडद्यावर वर निळं, खाली हिरवं, मधे धावपट्टीची राखाडी रेघ. झाड नाही की घर नाही, आवाज तेवढा वाऱ्याचा. पण वारा, वजन, वेग यांचं गणित इतकं पक्कं, की चुकलात तर विमान दगडासारखं खाली.

"येवढा खटाटोप करून दिसतंय काय, तर गवत," त्यांची बायको मंगल म्हणायची.

अण्णा नुसते हसायचे.

हसू आटलं ते मैत्रेयीमुळे. त्यांच्या या लेकीला विमान चालवायला शिकवणाऱ्या बंगळुरूकडच्या एका शाळेत प्रवेश मिळाला होता. जायला पंधरा दिवस उरलेले, आणि सरावाला ती जायची शेजारच्या उद्धवरावांच्या बंटीकडे. बंटीच्या नव्या कॉम्प्युटरवर ढगांच्या कडा सोनेरी दिसायच्या, तुरीची शेतं दिसायची, मांजरा नदीचं वळण ओल्या चांदीसारखं चमकायचं.

"बाबा, काल मांजरेवर इतकं खाली गेले, आन् दांडा ओढून सरळ वर!"

"येग किती हुता?"

"येग कोन बघतंय? बाहेर बघावं का घड्याळ?"

 अण्णा उठून तडक बंटीकडे गेले. पाहतात तर त्या खेळात विमान आपोआप सावरणारी मदत चालू ठेवलेली. दांडा कितीही ओढा, विमान पडतच नव्हतं. पोरीच्या हाताला अशी सवय लागत होती, जी खरी हवा एकदाही माफ करणार नव्हती.

"पंधरा दिस माझ्या विमानावर बस, बाई."

"त्यात काय हाय, बाबा? डोळे मिटून बसल्यावानी वाटतंय."

अण्णांनी जबरदस्ती केली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर मात्र ते बुद्धमूर्तीपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिले. मेणबत्ती संपली तरी उठले नाहीत.

रविवारी उद्धवराव चहाला आले. जन्म शेतात गेलेला माणूस. सहज सीटवर बसले, अण्णांनी विमान वर चढवून दिलं आणि दांडा त्यांच्या हाती दिला. नाक जरा हललं तसे उद्धवराव घाबरले. दोन्ही हातांनी दांडा छातीशी ओढून ओरडले, "हो… हो… थांब की गा!"

विमान आपटलं.

"आरं, पडलं कामून? म्या तर घट्ट धरलो हुतो!"

"म्हनूनच पडलं," अण्णा म्हणाले. "कासरा वढला की बैल थांबतोय. दांडा वढला की इमानाचं नाक वर जातंय, येग मरतोय, आन् इमान थांबलं की पडतंय."

मैत्रेयी पोट धरून हसली. "सरका काका, दाखवते." ती बसली आणि तिनंही ओढलं. एकदा पडली, दोनदा पडली. चौथ्यांदा तिचं तोंड लाल झालं. "हा प्रोग्रामच खराब हाय!"

उद्धवराव म्हणाले, "व्हय, माझ्या येळंपासनंच खराब झालाय."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पडद्यावर टाकला. होतं ते गवतही गेलं.

"आता आईक. वारं काय म्हनतंय?"

"कमी व्हायलंय."

"काटा?"

"पन्नासाच्या खाली… बाबा, पडायलंय!"

"मंग?"

तिचे हात ओढायलाच निघाले होते. तिनं दात चावून दांडा पुढे लोटला. उंचीचा काटा सरकन उतरला, वेगाचा मात्र चढू लागला.  मग वाऱ्याचा आवाज परत आला, भरला, आणि विमान सावरलं. मंगल चुलीपासून उठून दारात येऊन उभी होती, तिनं हात जोडले.

त्या दिवसापासून टॉवेल रोज पडद्यावर पडू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी मैत्रेयी म्हणाली, "आता तुमी माझ्याकडं चला." बंटीकडे नेऊन तिनं ती मदत बंद करायला लावली आणि विमान औरादवर आणलं. खाली बाजाराचा रस्ता, विहाराचा पांढरा घुमट, त्यामागे एक पत्र्याचं छप्पर.

"आपलं घर का गं?"

"व्हय. धरा तुमी."

अण्णांनी दांडा धरला. बत्तीस वर्षं ज्या काट्यांकडे बघितलं ते सगळे काटे ते विसरले. छप्पर नाकाखाली जाऊ लागलं, तसं विमान घरावर जरा वेळ थांबावं म्हणून त्यांनी हळूच दांडा जवळ घेतला. आणखी जवळ.

त्यांच्या हातावर लेकीचा हात आला आणि तिनं दांडा शांतपणे पुढे लोटला.

"कासरा सोडा, बाबा."

घरी आले तेव्हा मंगल लेकीची बॅग भरत होती. "कसं हाय बंटीचं?" तिनं विचारलं.

"चित्र बी पायजे म्हना," अण्णा म्हणाले. "घर दिसलं आपलं." मग बॅगेची चेन ओढून देत म्हणाले, "बिनघोर जाऊ दे तिला. वढायची खोड सुटलीय तिच्या हाताची."