मागच्या कोऱ्या पानावर

आमच्या वाडीतल्या वाचनालयात पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर, नाव न घालता, आपलं मत लिहायची पद्धत आहे. मी घरी आणलेल्या एका कादंबरीतली बाई दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला तो अंथरुणाला खिळल्यावर सोडते, आवडत्या माणसाकडे जाते आणि जन्मभर स्वतःला दोष देत राहते. मागच्या पानावर भांडणच जुंपलं होतं. ‘अशा बाईला क्षमा नाही.’ त्याखाली, ‘मग तुम्ही काढा त्याचं हगणं-मुतणं.’ मी लिहिलं, ‘तो मारत होता तेव्हाच तिने जायला हवं होतं.’

मी इंग्रजी शाळेतली. मराठी लिहायला शिकले ती घरी, आईचं अक्षर गिरवून.

परत करायला काढून ठेवलेल्या पुस्तकातलं ते पान बाबांनी पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानाखाली मारली.

“ह्यां तुझांच अक्षर मां?”

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. “होय, माजांच.”

त्यांनी केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. भुवईतून रक्त आलं.

“बाबा, तां मी लिवलंय.”

“तू गप गो. तुका मराठी लिवूक येता खंय?”

मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्यासमोर तेच वाक्य खाली पुन्हा लिहिलं. अक्षर तसंच उमटलं. बाबांनी आईचे केस सोडले आणि कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका माझ्या मनगटावर बसला. दुसऱ्याच्या वेळी आईने पट्टा दोन्ही हातांनी धरला, आणि सोडला नाही.

“पुस्तक हंयच रवांदे,” ती मला म्हणाली. “चपला घाल. मामाकडे जावया.”