करटुल्याचा वेल आणि कॉम्प्युटरचा कौल

बायको गेल्या भातलावणीत गेली. तिच्यामागं घरात उरलं ते भरतकामाचं मशीन आणि त्याला वायरीनं जोडलेला जुना कॉम्प्युटर. ती सातवी शिकलेली, मी चौथी नापास. ती त्या काचेवर वेल काढायची आणि मशीन तो खडखड करत ब्लाऊजच्या बाहीवर उतरवायचं. आमच्या उत्रोलीतल्याच काय, पार कामथडीच्या बाया तिच्याकडं यायच्या.

तिचा एक वेल लई नामी होता. करटुल्याचा. तिचं माहेर गुंजवण्याचं. ज्या बांधावर तो वेल चढायचा, तो बांध धरणाच्या पाण्यात गेला. तिनं नुसत्या आठवणीवर पान न पान काढलं. तो वेल कागदावर कुठं नाही, त्या कॉम्प्युटरच्या डबड्यातच आहे.

आता मशीन सून चालवते. गिऱ्हाईक नवी नक्षी पेन ड्राइव्हवर आणतं आणि हा कॉम्प्युटर पेन ड्राइव्ह ओळखत नाही. नवं विंडोज टाकावं तर मशीन फक्त अठ्ठ्याण्णव सालच्या जुन्या विंडोजचंच ऐकतं. सून म्हणाली, "भोरात एसटी स्टँडमागं दुरुस्तीवाला हाय. तो एकाच डब्यात दोन्ही बसवून देतो. चालू करताना विचारतंय, कुठलं पायजे म्हणून."

"म्हंजी एका घरात दोन चुली?"

"व्हय मामा. पण भांडण न्हाई."

सुनेकडं लग्नाची उपरणी हातानं शिवायला आलेली, तिला सवड नव्हती, म्हणून डबडं वाकळेत गुंडाळून एसटीनं मीच नेलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, कोंबड्या असतील तर तिकीट पडंल." मी म्हणालो, "बायकोचं काम हाय." त्याला वाटलं अस्थी नेतोय; त्यानं वाकळेला हात जोडले. मला तसं म्हणायचं नव्हतं.

दुरुस्तीवाल्यानं डबडं उघडलं, आतली धूळ फुंकली आणि सांगायला लागला.

"बाबा, डिस्कचे तीन भाग करतो. एकात जुनं विंडोज, एकात नवं, तिसऱ्यात तुमची नक्षी. आता त्या तिसऱ्याला फॅट ठेवू का एनटीएफएस करू?"

"मला काय विचारतोस? मला काय कळतंय त्यातलं?"

"उद्या माझ्या नावानं बोंब नको. फॅट म्हंजी नक्षी साठवायची जुनी पद्धत, दोन्ही विंडोजला दिसते. चालू असताना लाईट गेली तर आतलं बिघडू शकतं. एनटीएफएस मजबूत. पण जुन्या विंडोजला ते कळत न्हाई. नव्यात जाऊन एकेक नक्षी जुन्याच्या भागात टाकून द्यावी लागंल."

"जरा सोपं सांग की."

"सोपंच सांगितलं, बाबा."

तिथनंच सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आत्याबाईंचा वेल हाय त्यात. मामा, तुमीच ठरवा." मला मान द्यायला हीच वेळ सापडली तिला. डबडं तिथंच ठेवलं आणि डोकं धरून घरी आलो. मजबूत करावं तर जुन्याला दिसणार नाही, दिसणारं करावं तर मजबूत नाही. असली कसली वस्तू ही?

सकाळी भैरोबाच्या देवळात गेलो. आमच्याकडं अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाला पाणी घालून उजव्या-डाव्या अंगाला एकेक कळी चिकटवतो. आधी पडेल ती कळी म्हणजे देवाचा शब्द. पोरगी कुठं द्यायची, विहीर कुठं पाडायची, सगळं तिथंच विचारतात.

"कशाचा कौल?" गुरवानं विचारलं.

"कॉम्प्युटरचा."

"चोरीला गेला?"

"न्हाई. त्याच्या आतलं विचारायचंय."

"आतलं म्हंजी काय?"

"ते कळलं असतं तर हितं कशाला आलो असतो?"

"बरं बरं. उजवी कशाला, डावी कशाला, ते देवाला मनात सांगा."

सांगितलं. उजवी पडली. नारळ ठेवला, हात जोडले, हलक्या अंगानं रस्त्याला लागलो. एसटीची वाट बघत उभा राहिलो. उजवी कशाला दिली होती मी? फॅटला का त्या दुसऱ्याला? तसाच माघारी फिरलो.

गुरव म्हणाला, "तुमी मनात बोलला न्हवं? ते देवाला ठावं."

"मग पुन्हा लाव."

"एका कामाला दोनदा कौल? देव काय तुमचा गडी हाय?"

बायको असती आणि तिला सांगितलं असतं तर तिच्या ध्यानात राहिलं असतं. मी बाजारातनं निम्मं सामान विसरून यायचो. ती म्हणायची, "पिशवी तरी परत आणली, हेच लई झालं."

भोरला गेलो आणि दुरुस्तीवाल्याला सांगून टाकलं, "मजबूत कर." मजबूत आणि कच्चं यातलं एक उचल म्हटल्यावर कोण कच्चं उचलेल?

त्यानं केलं. मी स्टुलावर बसून होतो. आधी नवं विंडोज लावून दाखवलं. काचेवर करटुल्याचा वेल आला. काटेरी फळं, वळलेले तणावे, सगळं जिथल्या तिथं. मग बंद करून जुनं लावलं. शोधलं. काही नाही. ज्या जागेवर तिची नक्षी असायची, तिथं ती जागाच नाही.

"वेल कुठाय?"

"हाय, बाबा."

"दाव की मग."

"हितनं न्हाई दिसायचा."

"पुसला का रं?"

"न्हाई हो. हाय तिथंच हाय. हितनं दिसत न्हाई, एवढंच. मी बोललो होतो तुमाला."

ती गेल्यापासनं मला असंच काहीबाही सांगायला लोक येतात. ती इथंच आहे, फक्त दिसत नाही म्हणतात. मी सगळ्यांना हुसकून लावलंय. यानं मात्र बटण दाबलं, पुन्हा नवं लावलं, आणि वेल होता.

म्हणालो, "मला हितनं दिसायला पायजे. ती हितंच काढायची. फॅट कर."

"लाईट गेली तर?"

"लाईटकडं मी बघतो."

त्यानं आधी वेल एका पेन ड्राइव्हवर काढला, मग तो भाग पुसून फॅट केला आणि वेल परत आत टाकला. पेन ड्राइव्ह मलाच दिला. तो तिच्या कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवलाय, पण बोटाएवढ्या त्या तुकड्यावर माझा भरवसा नाही.

देवानं फॅट सांगितलं होतं की दुसरं, मला अजून माहीत नाही. सून मशीनवर बसली की मी ओट्यावर बसतो, तोंड रायरेश्वराच्या डोंगराकडं करून. तिकडनं आभाळ आलं की आमची लाईट हटकून जाते. जरा काळं दिसलं की ओरडतो, "बंद कर गं!"

"मामा, आभाळ न्हाई त्ये. कुणीतरी पाचोळा पेटवलाय."

"बंद कर म्हंतोय न्हवं!"

ती चडफडत पण रीतसर बंद करते. धूर विरला की पुन्हा चालू करते, जुनंच विंडोज. मी आत जाऊन तिच्या खुर्चीमागं उभा राहतो.

"आधी वेल उघडून दाव," मी म्हणतो, "मग तुझं काम."