भावाला बाकावर जागा दिली

मंडळी, आज खूप थकलेय, तरी लिहिते.

माझा धाकटा भाऊ सायमन व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय. पहिल्यांदा नाही. दर वेळी आई आनंदाने शिरा करते, आणि थोड्याच दिवसांत मी त्याला रस्त्यावरून उचलून राजपुऱ्यातल्या घरी आणते.

आज सकाळी चर्चमध्ये तो माझ्या बाकाजवळ येऊन उभा राहिला. "दीदी, इथं बसू?"

मी मान वर केली नाही.

मागे बसलेल्या मार्थामावशी हळूच म्हणाल्या, "माफ करायचा दम नसेल तर राहू दे, बेटा. ते देव बघेल. तू नुसती सरक."

मी सरकले. त्याने गाण्याचं पुस्तक उघडलं, तेव्हा एका बाजूने मी धरलं. तो बेसूर गात होता.

पास्टर कृपेबद्दल काय बोलले, खरंच आठवत नाही. घरी येताना सायमन म्हणाला, "या वेळी जमेल की नाही, मला माहीत नाही, दीदी." इतकं खरं तो याआधी कधी बोलला नव्हता.

माझा विश्वास अजून बसलेला नाही. तुम्ही कुणाला पुन्हा जवळ घेतलंत, तेव्हा विश्वास आधी आला की नंतर?