डाव्या कुशीतल्या कुप्या

मायक्रॉनकाकांचं वजन ब्याण्णव किलो होतं. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातल्या एकाला मायक्रॉन म्हणतात, हे कळल्यावर कुठल्याशा जुन्या तुकडीतल्या वात्रट विद्यार्थ्याला हे नाव सुचलं. तो विद्यार्थी पुढे विमा विकायला लागला. नाव मात्र समुद्राकाठच्या त्या प्रयोगशाळेत कायम झालं, आणि कायम व्हायला काकांना स्वतःला जेवढी वर्षं लागली त्याच्या निम्म्या वेळात झालं.

काकांचं काम सांगायला सोपं आणि पटवायला अवघड होतं. समुद्रफूल नावाचा एक प्राणी असतो. नावात फूल आहे, दिसतोही फुलासारखा, पण खडकाला बूड चिकटवून बसतो आणि जवळून जाणाऱ्याला डंख मारून गिळतो. त्याच्या कातडीत लाखो बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काटेरी दोरा वेटोळं घालून बसवलेला. धक्का लागला की कुपी फुटते, दोरा सुटतो आणि समोरच्याच्या अंगात घुसतो. आता गंमत अशी की या प्राण्याच्या रूपावर काडीचा विश्वास ठेवता येत नाही. एकच प्रजाती इथे तांबडी, तिथे हिरवी; सकाळी फुलून बशीएवढी, दुपारी आकसून सदऱ्याच्या बटणाएवढी. म्हणून कोण कुठल्या प्रजातीचा हे ठरवायला त्याच्या कुप्या मोजतात. तोंडाभोवतीच्या सोंडांमधल्या वेगळ्या, घशातल्या वेगळ्या, धडाच्या कातडीतल्या वेगळ्या. लांबी किती, रुंदी किती. माणसाची ओळख चेहऱ्यावरून न पटवता त्याच्या टोमण्यांच्या लांबीवरून पटवावी, तसा हा प्रकार.

तर काका चौतीस वर्षं हेच करत आले होते. तांदळाएवढा तुकडा चिमट्याने काढायचा, काचपट्टीवर ठेवायचा, वरून दुसरी नाजूक काच ठेवून अंगठ्याने असा दाबायचा की तुकडा पसरेल पण काच फुटणार नाही, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. त्यांच्या हिशेबाने अडीच लाख कुप्या मोजून झाल्या होत्या. काकूंचं म्हणणं असं की सगळा जन्म दुसऱ्यांच्या नांग्या मोजण्यात गेला, पण या माणसाला स्वतःची एखादी फुटेल तर शपथ. हे त्या बहुधा आपल्या बहिणीचे यजमान येऊन गेले की म्हणत.

बहिणीचे यजमान म्हणजे काकांचे साडू. पाण्याच्या पंपांचा धंदा, हात सढळ आणि रंगारी पदरी बाळगलेला. दवाखान्यातल्या चाकांच्या खुर्च्यांवर त्यांचं नाव होतं, वाचनालयाच्या बाकांवर होतं, शाळेच्या व्यायामशाळेच्या दारावर तर इतकं मोठं होतं की मुलं त्या शाळेलाच साडूंच्या नावाने ओळखत. काकांचं नाव त्यांच्या डब्यावर होतं. तेही आतल्या बाजूला.

अशात मॅडमनी बातमी दिली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि पहिली काचपट्टी दाबायला काकांकडूनच शिकलेल्या. त्या वेळी त्यांनी सलग नऊ काचा फोडल्याचं काका अजून कुणाला सांगत नसत. फारसं बोलण्याची मॅडमना सवय नव्हती. चहाच्या वेळी कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काका, ती नवी प्रजाती आहे ना, तिला तुमचं आडनाव देतेय मी. पुढच्या महिनाअखेर निवृत्त होताय तुम्ही. त्याआधी लेख पाठवून टाकू."

ती म्हणजे पाणबुड्याने समुद्रात तरंगणाऱ्या एका बोयाच्या साखळीवरून आणून दिलेलं एक समुद्रफूल. दिसायला खाकी पाकिटासारखं, कुणी वळून बघणार नाही असं. एकच नमुना मिळाला होता. मॅडम आणखी शोधायला दोनदा बोट घेऊन गेल्या, पण समुद्राने दाद दिली नाही. तरी त्याच्या धडाच्या कातडीत काकांना पंचावन्न मायक्रॉन लांबीच्या, दोऱ्याने गच्च भरलेल्या कुप्या सापडल्या होत्या. या कुळातल्या बाकीच्या भाऊबंदांच्या धडात पंधराच्या पुढची कुपी कुणी पाहिली नव्हती. अख्खी नवी प्रजाती त्या कुप्यांवर उभी होती.

घरी काकूंनी बातमी दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा ऐकत ऐकत बहिणीला फोन लावला. संध्याकाळी साडू सहकुटुंब हजर. प्राणी केवढा, खातात का, विकत मिळतो का, हे विचारून झालं. मग काकांनी सांगितलं की लॅटिन पद्धतीने आडनावाच्या शेवटी एक 'आय' लागतो.

"म्हणजे आडनावाला आई मिळाली म्हणायची," साडू म्हणाले आणि स्वतःच बराच वेळ हसले. "आणि हे लिहिणार कुठे? त्याच्या अंगावर?"

"पुस्तकांत," काकू म्हणाल्या. "जगातल्या सगळ्या. आणि ते पुसता येत नाही. रंग उडाला, दार बदललं, असलं काही नसतं त्यात."

साडूंनी चहा अर्धाच ठेवला. तीस वर्षांत काकूंना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि काकांना आपल्याला किती बरं वाटतंय हे कळून थोडी लाज वाटली. पण बरं वाटायचं थांबलं नाही.

लेख गेला. तीन आठवड्यांनी नियतकालिकाकडून उत्तर आलं: सगळं ठीक आहे, फक्त धडातल्या आणखी वीस कुप्यांची मापं जोडावीत. मॅडमनी कागद काकांच्या टेबलावर ठेवला. वीस कुप्या म्हणजे काकांच्या दृष्टीने जेवणाआधीचं काम.

बरणी उघडली. खाकी पाकीट फॉर्मलिनमध्ये निवांत बसलेलं. पहिला तुकडा डाव्या कुशीतून काढला होता, तिथे छोटा खळगा पडला होता. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर काकांनी त्याच खळग्यात चिमटा घातला असता. पण हा आपल्या आडनावाचा प्राणी. उद्या त्याचा फोटो छापून येणार, तर डाव्या बाजूला एवढं भगदाड बरं दिसेल का? म्हणून त्यांनी उजव्या कुशीतून तुकडा घेतला.

उजवीकडे पंधराची कुपी होती, चौदाची होती. पंचावन्नची एकही नव्हती.

काकांनी काच बदलली. चष्मा पुसला. पाठीमागून तुकडा घेतला, पुढून घेतला. भगदाडाची चिंता केव्हाच सुटली होती. कुठेच काही नाही. मग डावीकडून घेतला, आणि तिथे त्या मोठ्या कुप्यांची जत्राच. त्यातल्या निम्म्या फुटलेल्या, दोरे सुटून कातडीत आत घुसलेले. पहिल्या वेळी हे त्यांनी पाहिलं होतं, पण फुटलेल्या कुप्या मोजायच्या नसतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. आता त्यांनी नीट पाहिलं. दोरे आतून बाहेर आलेले नव्हते. बाहेरून आत गेले होते.

ब्याण्णव किलोंना घाम फुटला. कारण त्यांना आत्याबाई आठवली.

आत्याबाई हे टाकीतल्या तांबड्या समुद्रफुलाचं नाव. तिच्या गळ्याखाली निळ्या मण्यांची माळ असते, आणि मण्यांत मोठ्या कुप्या ठासून भरलेल्या. शेजारी कुणी परका आला की मणी फुगतात, आत्याबाई वाकते आणि मणी त्याच्या अंगावर घासते. इतक्या जोराने की तिची स्वतःची कातडी सोलून कुप्यांसकट शेजाऱ्याच्या अंगाला चिकटून राहते. त्यामुळे तिच्या टाकीवर पाटी होती: 'एकटीलाच ठेवावे.' पाटी काकांनीच रंगवली होती.

आणि नवा पाहुणा आला त्या दिवशी टाक्यांचा पंप बंद पडला होता. काकांनी दोघांना पाच मिनिटांसाठी म्हणून एकाच पांढऱ्या तसराळ्यात ठेवलं, आणि तेवढ्यात काकूंचा फोन आला: व्यायामशाळेच्या दारावर साडूंचं नाव रंगवून झालं, अक्षरं हातभर आहेत, तुम्हाला मेलं कशाचंच काही वाटत नाही. फोन चाळीस मिनिटं चालला. काका परत आले तेव्हा दोघं तसराळ्याच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसली होती. काकांना वाटलं, पटलेलं दिसतंय.

आता प्रश्न एवढाच होता की वीस मापं द्यायची कुठून. नियतकालिकाने बाजू विचारली नव्हती. डावीकडच्या न फुटलेल्या कुप्या काकांनी मोजल्या; वीस भरल्या, सरासरी पंचावन्न पूर्णांक दोन. एकेक आकडा खरा. काकांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नव्हता आणि हेही खोटे नव्हते. खोटा होता तो फक्त प्राणी.

दोन दिवस काकांनी त्या कागदाला घडी घातली आणि उलगडली. घरात काकू नव्या साडीला फॉल लावत होत्या. निरोप समारंभाला साडू येणार होते आणि मॅडम भाषणात प्रजातीचं नाव जाहीर करणार होत्या. काकांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. कुणाला कळणार आहे? शंभर वर्षांनी कुणीतरी दुसरा नमुना शोधेल, त्यात मोठ्या कुप्या नसतील, तो म्हणेल, ही तर दुसरीच प्रजाती. मग तो तिला स्वतःच्या साडूचं नाव देईल. आणि काकांच्या आडनावाची प्रजाती जगात एकटीच राहील, बरणीत, एका कुशीवर पडून. हा विचार मात्र काकांना सोसवला नाही. त्यांना त्या खाकी पाकिटाचा लळा लागला होता. त्याला निदान कुटुंब तरी असावं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चार काचपट्ट्या मॅडमच्या टेबलावर ओळीने ठेवल्या: पुढची, मागची, उजवी, डावी. मॅडमनी चारही पाहिल्या. डावीवर दहा मिनिटं डोळा लावून बसल्या.

"आत्याबाई?" त्यांनी विचारलं.

"आत्याबाई," काका म्हणाले. मग तसराळं सांगितलं, फोन सांगितला, उजवी कूस का निवडली तेसुद्धा सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी नियतकालिकाला दोन ओळी लिहून लेख परत घेतला, आणि आपण पण उजवी बाजू बघायला हवी होती, असं म्हणाल्या. त्यानंतर त्या दोन वर्षांच्या मेहनतीचे कागद कपाटात ठेवायला उठल्या आणि ठेवायची जागा बराच वेळ शोधत राहिल्या.

पण शेवटी त्या मॅडम. आठवड्याभरात त्यांनी दीड पानी टिपण तयार केलं: शेजाऱ्याशी झालेल्या भांडणात समुद्रफुलाच्या अंगाला परक्या कुप्या चिकटतात, त्यावरून नवी प्रजाती ठरवण्याची घोडचूक होऊ शकते, म्हणून यापुढे सगळ्यांनी चारही बाजूंचे तुकडे तपासावेत. काकांना वाचायला दिलं. काकांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हा 'एक सहायक' कोण?"

"काका, चुकीला तुमचं नाव कशाला उगाच?"

"प्रजातीला देताना विचारलं नव्हतंत."

"ती गोष्ट वेगळी होती."

"वेगळीच. ती प्रजाती खोटी होती. चूक खरी आहे. मी स्वतः केलीये, स्वतः शोधलीये. एका सहायकाने नाही."

मॅडमनी काकांकडे पाहिलं. चौतीस वर्षांत या माणसाने पगारवाढ, खुर्ची, पंखा, काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, 'एक सहायक' खोडलं आणि वर काकांचं पूर्ण नाव लिहिलं. काकांनी ते अक्षर अक्षर तपासलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं पहिल्यापासून सांगितलं. फॉलची सुई साडीत तशीच अडकून राहिली होती. प्राण्याला नाव मिळणार नाही, हे त्यांनी एका दमात गिळलं. मग नाव छापून येणार ते चुकीसाठी, हे जरा वेळाने घशाखाली उतरलं.

"जगातल्या सगळ्या पुस्तकांत?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू जाईल. सगळ्यांना तपासायची पद्धत बदलावी लागेल ना."

"आणि ही चूक याआधी कुणी केली नव्हती?"

"छापून तरी आलेली नाही."

"म्हणजे एकट्या तुमचंच नाव."

"एकट्या माझंच."

काकूंनी सुई ओढून घेतली, टाका घातला, गाठ मारली, आणि बहिणीला लावायला फोनकडे हात नेत म्हणाल्या, "थांबा, तिला कळवते. आणि चूक वगैरे मी सांगेन माझ्या पद्धतीने. तुम्ही मध्ये बोलू नका."