विणकामाच्या पुस्तकावरची मुलगी

ग्वाल्हेरच्या सीमंतिनी मुळे यांचा चेहरा एके काळी आग्र्यापासून भोपाळपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनावर विकला जात असे, आणि त्यासाठी त्यांना कोणीही विचारलं नव्हतं. आज त्या सत्तरीच्या पुढे आहेत. मुलींच्या शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाल्या, आणि 'खासगी बाजार' नावाच्या वस्तीतल्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. खाली धाकटा भाऊ श्रीपाद, त्याचा मुलगा-सून आणि कॉलेजात जाणारी नात मधुवंती. बाईंचा राग गल्लीत प्रसिद्ध आहे. भाजीवाला त्यांच्याशी भाव करत नाही, आणि पतंग उडवणारी पोरं त्यांच्या गच्चीवर पडलेला पतंग मागायला येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मधुवंती खांद्याला एक नवी कापडी पिशवी अडकवून वर आली.

"आत्याआजी, देख ना, ही बिलकुल तुझ्यासारखी दिसते! नाक तर सेम आहे."

पिशवीवर एक बाई छापली होती. केस मोकळे, पदर ढळलेला, हातात पिस्तूल, पिस्तुलाच्या नळीतून धूर. खाली लाल ठसठशीत अक्षरांत कादंबरीचं नाव: 'तेरहवीं गोली किसकी?'

सीमंतिनीबाई पोळी लाटत होत्या. हातातलं लाटणं त्यांनी ओट्यावर असं आपटलं की मधुवंती दोन पावलं मागे सरली.

"कुठून आणलीस?"

"फूलबागेत प्रदर्शन लागलंय ना. जुन्या पॉकेट बुक्सचं. मग्स आहेत, पोस्टर्स आहेत. सब ले रहे हैं."

"काढ ती खांद्यावरून. आत्ताच्या आत्ता."

पोरीला काही कळेना. ती पिशवी काढून हिरमुसली होऊन खाली गेली. सीमंतिनीबाई मात्र गॅस बंद करून तशाच उभ्या राहिल्या. पोळी तव्यावर करपली.

ती पिशवीवरची बाई त्या स्वतःच होत्या.

तेव्हा त्या विशीच्या होत्या. नया बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत 'मयूरपंख पॉकेट बुक्स' नावाचं प्रकाशन होतं. मालक गोपीलालजी. त्यांनी छापलं नाही असं जगात काही नव्हतं. लोणची कशी घालावीत, घरच्या घरी सर्दी-पडसं कसं बरं करावं, हात कसा पाहावा, व्रतं कशी करावीत, प्रेमपत्र कसं लिहावं, इंग्रजी कसं बोलावं. शेरोशायरी, डाकूंच्या कहाण्या, आणि दर महिन्याला एक खुनाची कादंबरी. हातात मावणारं पुस्तक, पातळ पिवळट कागद, वर झगझगीत चित्र. न्हाव्याच्या दुकानात, टांग्याच्या बैठकीखाली, परीक्षेला बसलेल्या पोरांच्या गाइडच्या आत, सगळीकडे ती पुस्तकं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या निम्म्या घरांत कैरीचं लोणचं एकाच चवीचं लागू लागलं होतं. गावातली प्रेमपत्रं सगळी एकाच ओळीनं सुरू व्हायची, आणि ज्या मुलीला दोघांकडून पत्रं येत तिची मोठी पंचाईत होई. मुळ्यांच्या नात्यात एका वर्षी जन्मलेल्या तीन मुलांची नावं खुनाच्या कादंबरीतल्या इन्स्पेक्टरवरून ठेवलेली होती.

या पुस्तकांची चित्रं काढत महिपतराव. एरवी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, मुळ्यांच्या शेजारीच राहायचे. एके दिवशी दुपारी ते सीमंतिनीच्या आईकडे आले.

"वहिनी, विणकामाच्या पुस्तकावर एक घरंदाज मुलगी काढायची आहे. तुमची सीमंती ओसरीत विणत बसते, तशीच. घडीभर बसू द्या."

आईनं वडिलांना विचारलं. वडील, म्हणजे अण्णा, सरकारी कचेरीत होते आणि शिस्तीचे म्हणून ओळखले जात. विणकाम म्हटल्यावर त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. सीमंतिनीला कोणी विचारलं नाही, पण तेव्हा तिलाही ते खटकलं नाही. ती निळं पातळ नेसून, सुया घेऊन बसली. उजव्या हाताची तर्जनी लोकर धरायला जराशी पुढे काढलेली. महिपतरावांनी सुरेख चित्र काढलं. पुस्तक आलं तेव्हा आईनं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते दाखवलं.

मग लोणच्यांच्या पुस्तकावर तोच चेहरा आला, हातात बरणी घेऊन. मग व्रतांच्या पुस्तकावर, हातात निरांजन. आईनं ते देवघरात ठेवलं. गोपीलालजींना तो चेहरा लाभला होता. मुळ्यांच्या घरी कोणी काही बोललं नाही, कारण बरणीत आणि निरांजनात लाजण्यासारखं काही नव्हतं.

त्याच सुमाराला सीमंतिनीचं लग्न झाशीच्या एका घरात ठरलं. सुपारी फुटली. मुलगा रेल्वेत होता, हसरा होता, सीमंतिनीला आवडला होता. आणि एके दिवशी त्याचे काका आले, चहाला हात न लावता ओसरीत उभे राहिले, आणि झाशीच्या स्टेशनावर घेतलेलं एक पुस्तक त्यांनी अण्णांच्या पुढ्यात टाकलं.

निळं पातळ तेच. चेहरा तोच. सुयांच्या जागी पिस्तूल होतं, आणि लोकर धरणारी ती तर्जनी आता घोड्यावर होती. पदराचं काय केलं होतं ते सीमंतिनीनं एकदाच पाहिलं.

लग्न मोडलं. अण्णा महिपतरावांकडे गेले. महिपतराव म्हणाले, मालकांनी सांगितलं हा चेहरा चालतो, मी पोटासाठी हात चालवतो. अण्णा नया बाजारात गेले. गोपीलालजींनी त्यांना आदरानं बसवलं आणि म्हणाले, "साहब, यह तो चित्र है. इसमें आपकी बिटिया कहाँ से आ गई?" अण्णा परत आले. त्या दोघांचं ते काही वाकडं करू शकले नाहीत, म्हणून त्यांनी सगळा जाळ घरात काढला.

"तूच बसलीस ना समोर?" ते सीमंतिनीला म्हणाले. "बोट पुढे करून?"

पुढलं वर्षभर तिला कॉलेजलाही श्रीपादच्या सोबतीनं जावं लागलं. मग दुसरं स्थळ आलं नाही, आणि तिनंही येऊ दिलं नाही. ती बी.एड. झाली, शाळेत लागली. वर्गात पाठमोरी झाली की मागून खुसखुस यायची: बंदूकवाली बहनजी. ती मुलींच्या दप्तरांतून मयूरपंखची पुस्तकं जप्त करायची आणि न उघडता मुख्याध्यापिकेच्या टेबलावर नेऊन टाकायची. आयुष्यात तिनं त्यातलं एकही वाचलं नाही.

पिशवी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीमंतिनीबाई शाल पांघरून खाली उतरल्या तेव्हा श्रीपाद अंगणात उन्हाला बसला होता.

"ताई, कुठे?"

"फूलबागेत."

"जाऊ दे ना आता. कोणाला आठवतंय?"

"मला," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

प्रदर्शनाच्या दालनात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर त्या स्वतःच होत्या, जमिनीपासून छतापर्यंत. खाली पाटी होती: 'मयूरपंख की रहस्यमयी सुंदरी. चित्रकार की कल्पना.' कॉलेजची पोरं पाळीपाळीनं तिच्यापुढे बोटांचं पिस्तूल करून फोटो काढत होती. सीमंतिनीबाईंनी पाटी पुन्हा वाचली. कल्पना! त्यांचं नाक, त्यांची हनुवटी, त्यांचं बोट, आणि म्हणे कल्पना.

"इथला मालक कोण आहे?" त्यांनी वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं. पोरांची बोटं खाली आली.

गोपीलालजींचा नातू धावत आला, तरुण त्याचं नाव. दाढी कोरलेला, नम्र, उत्साही. बाई कोण ते कळल्यावर त्याचे डोळे चमकले.

"आप! मतलब, असली वाली आप? मैडम, हम तो आपको कब से ढूँढ रहे थे. आप तो आइकॉन हैं! परसों समापन है, हम आपका सम्मान करेंगे. शॉल, श्रीफल..."

"शाल है मेरे पास," बाई म्हणाल्या. "यह तस्वीर उतारिए. और वे थैले बंद कीजिए."

"पर मैडम, लोग इसे प्यार करते हैं."

"मुझसे किसने पूछा था?"

तरुण गोंधळला. तो म्हणाला की चित्र कंपनीचं आहे, कागदपत्रं आहेत, आणि आजोबांच्या काळी असंच चालायचं. तो उद्धट नव्हता, आणि त्यामुळे बाईंचा राग आणखीच वाढला. उद्धट माणसाला दोन शब्द सुनावता येतात. हा पोरगा त्यांच्या आयुष्याचा चुराडा हातात घेऊन हसत उभा होता आणि त्याला वाटत होतं की तो त्यांना बक्षीस देतोय.

तेवढ्यात मागून एक ठेंगणी बाई पुढे आली. विजयाबाई फाळके, गावातल्या हजिरा भागात राहणाऱ्या. त्यांनी सीमंतिनीबाईंचा हातच धरला.

"तुम्ही विणकामाच्या पुस्तकावरच्या ना? अहो, आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी त्याच पुस्तकातून स्वेटर शिकले. शाळांच्या ऑर्डरी घेतल्या. दोन्ही पोरं त्यावर शिकली. तुमच्याकडे बघायची आणि म्हणायची, ही मुलगी किती शांत बसलीये, आपणही बसू."

सीमंतिनीबाईंनी विजयाबाईंचा हात धरूनच भिंतीकडे बोट केलं.

"ती शांत मुलगी होते मी. आणि बघा, तिचं काय केलं."

विजयाबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग जरा मोठ्यानं तरुणला म्हणाल्या, "भैया, सुन लो इनकी."

सीमंतिनीबाई तिथून हलल्या नाहीत. दुपारभर त्या भिंतीपुढे खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या: ही मी आहे, मी विणत बसले होते, हे मला न विचारता केलं. काही लोक ऐकून खाली मान घालून गेले. काहींनी व्हिडिओ काढले. संध्याकाळपर्यंत दालनात उभं राहायला जागा उरली नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या एका पेपरात मथळा आला: 'मिल गई बंदूकवाली हसीना.' पिशव्या दुपारच्या आत संपल्या. तरुणनं फोन करून आभार मानले.

त्या फोनवर बाई जे बोलल्या ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. पण त्याचा एक उपयोग झाला. तरुण पहिल्यांदाच हसायचं थांबला. समापनाच्या दिवशी पाटी बदलायला तो तयार झाला. चित्र काढणार नाही म्हणाला, पिशव्यांचंही वचन देईना, पण पाटी बदलतो. बाई मधुवंतीला घेऊन गेल्या. त्यानं मजकूर लिहून ठेवला होता: 'इस चित्र की प्रेरणा, श्रीमती...'

"श्रीमती नहीं. सुश्री. और प्रेरणा काटिए."

"तो क्या लिखें?"

"लिखिए, सीमंतिनी मुळे. इनसे पूछे बिना छापा गया."

"मैडम, थोड़ा हार्श नहीं लगेगा?"

"लगने दीजिए."

मधुवंतीनं ते स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि चिकटवलं. तिनं पिशवी परत आणली होती. ती तिनं तरुणच्या टेबलावर ठेवली. येताना ती रिक्षात आत्याआजीचा हात धरून बसली.

घरी श्रीपाद दारातच होता. त्यालाही ताईची समजूत काढायची होती. चांगल्या मनानंच तो म्हणाला, "ताई, झालं ते झालं. आणि खरं सांगू? त्या पुस्तकातली ती बाई वाईट नव्हतीच मुळी. वकील असते ती. खून मुनीमानं केलेला असतो, आणि ती एकटीनं त्याला पकडते. पिस्तूलही तिचं नसतं, त्याच्याच हातातून हिसकावलेलं असतं."

सीमंतिनीबाई पायरीवर थांबल्या.

"तू वाचलंयस?"

श्रीपादनं जीभ चावली. "तेव्हा सगळेच वाचायचे ग."

"सगळे म्हणजे?"

"मी. आई." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अण्णासुद्धा. ते काका टाकून गेले होते तेच. अण्णांनी दोनदा वाचलं. म्हणाले होते, बाई हिमतीची दाखवलीये."

बाईंना वाटलं, पायाखालची पायरीच सरकली. इतकी वर्षं त्या गोपीलालजींना शिव्या देत होत्या, महिपतरावांना देत होत्या, झाशीवाल्यांना देत होत्या. आणि घरात, त्यांच्याच घरात, सगळ्यांना माहीत होतं की ती बाई कोण आहे आणि काय करते. बापानं एकीचं कौतुक केलं, आणि दुसरीला वर्षभर भावाच्या पहाऱ्यात ठेवलं. झाशीला जाऊन एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही. त्यांच्याशीसुद्धा कोणी बोललं नाही.

"आणि तू माझ्याबरोबर कॉलेजला यायचास," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून श्रीपाद जास्तच घाबरला. "रोज. हे पोटात ठेवून."

"ताई, मी लहान होतो..."

"अठरा वर्षांचा होतास. घोडा होतास."

दोन दिवस त्या खाली कोणाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. श्रीपादनं सुनेच्या हाती गाजराचा हलवा पाठवला. तो तसाच परत आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मधुवंतीला नया बाजारात पाठवून त्या कादंबरीची नवी आवृत्ती मागवली. दुपारी त्या खाली आल्या, श्रीपादच्या खाटेसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि पुस्तक त्याच्या मांडीवर टाकलं.

"वाच."

"तूच वाच ना. माझा चष्मा..."

"चष्मा नाकावर आहे. मोठ्यानं वाच. पहिल्या पानापासून."

श्रीपाद वाचू लागला. दार उघडं होतं. गल्लीतून जाणारे आत बघत होते. त्याचे उच्चार चुकले की बाई मध्येच थांबवून सुधारत, वर्गातल्यासारखं. कादंबरी भिकार होती, योगायोगांनी ठासून भरलेली, आणि तरी पुढे काय होतं ते ऐकावंसं वाटत होतं. याचाही त्यांना संताप आला. मधुवंती दाराला टेकून ऐकत राहिली. वकीलबाई मुनीमाच्या गोदामात एकटी शिरते तिथे श्रीपादचा आवाज बसला. त्यानं पाण्याचा पेला उचलला.

"ताई, आता बास. चुकलं आमचं."

"कोणाचं?"

"माझं," तो म्हणाला. "माझं चुकलं."

घरातल्या कोणाकडून तरी हे ऐकायला सीमंतिनीबाई आयुष्यभर थांबल्या होत्या, आणि ऐकल्यावर राग कमी होईल असं त्यांना वाटलं होतं. तो झाला नाही.

"पाणी पिऊन घे," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं वाच."